खिशातला महागडा चाकू आणि नाकाबंदी

प्रश्न: मी नाशिकच्या इंदिरानगरचा, वय ३४, अंबड एमआयडीसीत नोकरी. सवड मिळेल तसे गडकिल्ले करतो. अमेरिकेतल्या मावसभावाने मला क्रिस रीव्हचा मोठा सेबेन्झा हा घडीचा चाकू आणून दिला. किंमत पंचेचाळीस हजारांच्या घरात. गेल्या रविवारी हरिहरवरून परतलो, आंघोळ करून मित्रांबरोबर कॉलेज रोडला निघालो. चाकू सवयीने जीन्सच्या खिशाला क्लिपने लावलेला होता. नाकाबंदीत पोलिसांनी तो काढून घेतला, 'आर्म्स ॲक्ट लागेल' म्हणाले, एका कागदावर सही घेतली, आधार कार्डाचा फोटो काढला आणि सोडून दिले. कागदाची प्रत दिली नाही. आता 'साहेबांना भेटून जा' असे फोन येत आहेत. एक परिचित म्हणतो, पंधरा हजारांत मिटवून टाकतो. इंटरनेटवर कुठे तीन इंचांपर्यंतचा चाकू चालतो असे लिहिले आहे, कुठे नऊ. खरे काय? चाकू परत मिळेल का? आणि दिवाळीत भाऊ दुसरा आणणार आहे, तर कोणता मागवू?

उत्तर: आधी त्या पंधरा हजारांचे. देऊ नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही आरोपी होतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्यालाच त्यातून सुटका आहे. तुमच्यावर आज जो काही आरोप होऊ शकतो, त्यापेक्षा हा आरोप जड आहे. शिवाय तुमचा परिचित खरेच कुणाशी बोललाय की पंधरा हजार स्वतःच्याच खिशात घालणार, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. कोणी पिच्छाच पुरवला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

आता इंचांचे. तीन इंच ही दिल्लीची गोष्ट. १९८० मध्ये तिथल्या प्रशासनाने शस्त्र कायद्याच्या कलम ४ खाली अधिसूचना काढली. बटणाचे, गरारीचे किंवा कुठल्याही यांत्रिक सोयीने उघडणारे आणि ७.६२ सेंमी किंवा त्याहून लांब, १.७२ सेंमी किंवा त्याहून रुंद पात्याचे चाकू तिच्यात आले. ७.६२ सेंमी म्हणजे बरोबर तीन इंच. ती अधिसूचना दिल्लीपुरती आहे. तिचा दाखला देऊन नाशिकमध्ये ना कुणाला धरता येत, ना कुणाला सुटता येत. नऊ इंच मात्र देशभरचे. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात, पाचव्या वर्गात, तलवारी, खंजीर आणि भाल्यांच्या पंगतीला नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू बसवले आहेत. त्यातूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे वगळली आहेत. आणि या वर्गातल्या हत्यारांनासुद्धा परवान्याची सक्ती कलम ४ खाली जाहीर केलेल्या क्षेत्रातच लागू होते. तुमच्या सेबेन्झाचे पाते साधारण ३.६ इंच, म्हणजे नऊ सेंमीच्या थोडे वर. रुंदी तर दोन इंचांच्या आसपासही नाही.

म्हणजे शस्त्र कायद्याची धमकी पोकळ आहे का? पूर्ण पोकळ नाही, पण बरीच पातळ आहे. कलम २ मधली 'शस्त्रा'ची व्याख्या पाहा: हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून घडवलेली वस्तू. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराची वस्तू त्यात येत नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत कलमासाठी वेलींचे डोळे भरणाऱ्या कारागिराच्या खिशातला कलमाचा चाकूही घडीचाच असतो आणि त्याची धार तुमच्या चाकूपेक्षा तिखट असते. त्याला कोणी शस्त्र म्हणत नाही, कारण त्याचे काम चेहऱ्यावर लिहिलेले असते. तुमच्या चाकूचे काम तुम्हाला सांगावे लागते.

आणि सांगताना नव्वद टक्के लोक एकच घोटाळा करतात. 'कशासाठी ठेवलाय?' असे विचारले की म्हणतात, 'काही नाही साहेब, सेफ्टीसाठी.' बोलणाऱ्याला वाटते, किती निरुपद्रवी उत्तर दिले! पण व्याख्येत 'बचावासाठी' हा शब्द आहेच. तुम्ही स्वतःच्या तोंडाने कामाच्या अवजाराचे शस्त्र करून देता, आणि ते जबाबात आले की वकिलाला वर्षभर त्याच वाक्याशी झगडावे लागते. दोर कापायला, फळे चिरायला, डब्याचे सील उघडायला ठेवला असेल तर तेवढेच सांगा. खरे तेच सांगा, पण 'सेफ्टी' हा शब्द सवयीने तोंडातून निसटू देऊ नका.

तुमची खरी अडचण तारखेची आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७(१) खाली शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. सण, मोर्चे, निवडणुका, परीक्षा, निमित्ताला तोटा नाही. नाशिकमध्ये एक संपला की दुसरा, असे ते बहुधा पंधरवड्याच्या हिशेबाने निघत राहतात, आणि २०२७ च्या सिंहस्थापर्यंत ते कमी होतील अशी आशा धरू नका. या कलमात तलवारी, भाले, बंदुका, काठ्या यांच्याबरोबर चाकूही नाव घेऊन लिहिलेला आहे, आणि त्याला इंचाची अट नाही. शारीरिक इजा करता येईल अशी 'कोणतीही वस्तू' असेही शब्द आहेत. आदेश चालू असताना चाकू बाळगला तर कलम १३५ खाली शिक्षा एक वर्षापर्यंत, आणि न्यायालयाने कारणे लिहून कमी केली नाही तर किमान चार महिने, शिवाय दंड. गुन्हा जामीनपात्र आहे, पण चार महिन्यांचा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शस्त्र कायद्याचे कलम २५(१ब)(ब) लावले तर एक ते तीन वर्षे आणि अजामीनपात्र. मात्र त्यासाठी कलम ४ ची अधिसूचना त्या जागेला आणि त्या प्रकारच्या हत्याराला लागू आहे, हे सरकारी पक्षाने दाखवावे लागते. अनेक दोषारोपपत्रांत ही अधिसूचना नुसती नावाला असते, प्रत जोडलेलीच नसते.

गंमत अशी, की हरिहर त्र्यंबक तालुक्यात, म्हणजे ग्रामीण हद्दीत, आणि कॉलेज रोड आयुक्तालयाच्या हद्दीत. एकाच दिवशी एकच चाकू दोन वेगवेगळ्या आदेशांखालून गेला. गडावर त्याला कारण होते. कॉलेज रोडवर कॉफी प्यायला जाताना कोणते कारण होते, हा प्रश्न न्यायाधीश विचारणारच. 'काढून ठेवायचा राहिला' हे उत्तर खरे आहे आणि पटण्यासारखेही, पण ते पुराव्यावर उभे राहिले पाहिजे. पायथ्याच्या पार्किंगची पावती, वेळ दाखवणारे फोटो, बरोबरच्या मित्रांची नावे, पेट्रोलचे बिल, सगळे आजच एका फाइलमध्ये लावा. महिनाभराने फोनमधले फोटो सापडतात, पावत्या सापडत नाहीत.

आता पोलीस ठाणे. फोनवरच्या बोलावण्याने एकटे जाऊ नका, पण टाळाटाळही करू नका. वकिलाबरोबर दिवसाउजेडी जा आणि नम्रपणे दोन गोष्टी मागा: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची (अटक न करता हजर राहायला सांगणारी) लेखी नोटीस आणि जप्ती पंचनाम्याची प्रत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात बजावले आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणे नोंदवावी लागतात. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचे चित्रीकरण करण्याचीही तरतूद आहे (कलम १०५), तेव्हा ते झाले का, हे लेखी विचारून ठेवा. रविवारी कोणता मनाई आदेश चालू होता, त्याची प्रत आयुक्तालयातून घ्या, नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज करा. आदेश जाहीरपणे प्रसिद्ध झालेला हवा, ठरावीक मुदतीचा हवा आणि त्या मुदतीत तुमची तारीख बसायला हवी. यातले एक जरी निखळले तरी कलम १३५ चा पाया जातो.

पंचनामा नीट वाचा. असले चाकू त्यात कसे उतरतात, ते मी पुष्कळदा पाहिले आहे: 'एक लोखंडी धारदार पात्याचा खटक्याचा चाकू, मुठीसह एकूण लांबी अमुक, किं. अं. २०० रुपये.' या एका ओळीत तीन चुका असतात. लांबी मुठीसह मोजली की ३.६ इंचांचा चाकू आठ इंचांचा होतो. कायद्याला पात्याची लांबी हवी. दुसरे, सेबेन्झाला बटण नाही, स्प्रिंगही नाही. पाते अंगठ्याने सरकवावे लागते. पूर्ण उघडले की टायटॅनियमच्या मुठीचाच कापलेला भाग आत सरकून पात्याच्या बुडाला टेकतो आणि 'टक' वाजते. पंच तेवढेच ऐकतात आणि खटका लिहून मोकळे होतात. अधिकाऱ्याने चाकू दाखवायला सांगितला तर दोन्ही हातांनी सावकाश उघडा, लॉक कुठे बसते ते बोटाने दाखवा, तसाच बंद करा. मित्रांना दाखवता तसा टिचकीने उघडून दाखवण्याचा मोह आवरा. बिजागरीचा स्क्रू सैल असेल तर नुसत्या झटक्यानेही पाते बाहेर येते, आणि मग 'झटक्याने उघडणारा' हे वर्णन खोटे म्हणता येत नाही.

तिसरी चूक किमतीची. मुद्देमालात २०० रुपयांची वस्तू म्हणून गेलेला चाकू हरवला तर तुमच्या पंचेचाळीस हजारांचे नाव कोण घेणार? भावाच्या नावचे बिल, डबा, सोबत आलेले कार्ड आणि फोटो अर्जाला जोडा. गुन्हा दाखल नसेल किंवा प्रकरण अजून न्यायालयात उभे राहिले नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, आणि खटला चालू असेल तर कलम ४९७ खाली, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागितला की हजर करण्याची लेखी हमी देऊन, परत मागता येतो. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुद्देमाल पोलीस ठाण्यात कुजत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन सोडा, असे सांगितले आहे. तरी खरे सांगते: मनाई आदेश भंगाचा गुन्हा शाबीत झाला तर चाकू सरकारजमा होऊ शकतो. आधी गुन्ह्याचे पाहू, मग चाकूचे.

दुसरा चाकू कोणता? कायद्याच्या चष्म्यातून सांगते, शौकिनाच्या नाही. बटणाने उघडणारा घेऊच नका. आत स्प्रिंग असलेला, म्हणजे थोडा ढकलला की उरलेला स्वतःहून उघडणारा, तोही नको. आपल्याकडे त्याला आणि रामपुरीला एकाच नजरेने पाहतात. दुधारी पाते, काळा मुलामा, जाहिरातीत 'टॅक्टिकल' हा शब्द, हे सगळे सरकारी वकिलाच्या हाती आयते कोलीत. ट्रेकला लागणारी सगळी कामे ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा आठ नंबरचा चाकू करतो. लाकडी मूठ, साडेआठ सेंमीचे पाते, दोन हातांनी उघडायचा आणि कडे फिरवून पक्का करायचा. तो पंचांसमोर ठेवला तर सफरचंद आठवते. व्हिक्टोरिनॉक्सचा कात्री-कानस असलेला छोटा चाकू त्याहून सोज्वळ. तुम्हाला एवढा महाग चाकू हवाच असेल तर जरूर घ्या, महाग असणे गुन्हा नाही. फक्त शहरात तो खिशाला नको. ट्रेकला जाताना सॅकच्या तळाशी, डब्यात, दोर आणि प्रथमोपचाराच्या सामानाबरोबर ठेवा, आणि परतल्यावर बूट काढायच्या आधी कपाटात. मनाई आदेशापुढे मात्र ओपिनेलही चाकूच ठरतो, हे विसरू नका.

भावाने तो चेक-इन बॅगेतच आणावा, हातातल्या बॅगेतून सुरक्षा तपासणीतच जाईल. बिल बरोबर असू द्या, आणि विचारले तर कस्टम्सला सरळ सांगावे. कुरिअर किंवा टपालाने मागवू नका. शस्त्र कायद्याच्या कलम १० मध्ये शस्त्रांच्या आयातीला परवाना लागतो, आणि पार्सलवर नुसते 'चाकू' वाचून अडवणाऱ्या अधिकाऱ्याला समजावायला तुम्ही तिथे नसता. अडकलाच तर जप्तीपासून सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस यायला हवी (ही मुदत आणखी सहा महिने वाढू शकते), आणि कस्टम्स कायद्याच्या कलम १२५ खाली दंड भरून वस्तू सोडवण्याची मागणी करता येते. त्या आदेशावर अपील करायला साठ दिवस मिळतात आणि ते आदेश तुमच्या हातात पडल्यापासून मोजतात, म्हणून लिफाफा कोणत्या तारखेला आला ते त्याच्यावरच लिहून ठेवा.