ब्रॉयलर लंगडू नयेत म्हणून गादीला भाताचं तूस घालावं की लाकडाचा भुसा?

तुम्ही लिहिलंय की पंचविसाव्या दिवसापासून तुमचे पक्षी चार पावलं टाकून परत बसतात. शेडच्या जमिनीवर पसरलेली गादी तुसाची आहे आणि ओळखीच्या एका जाणत्याने सांगितलंय, तूस काढा, लाकडाचा भुसा घाला, पाय सुधारतील. हेच वाक्य मी माझ्या घरात तीन बॅचभर ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

तूस आणि भुसा दोन्ही चालतात. पण नवीन माल मागवण्याआधी आज रात्री पक्षी शांत बसले की शेडच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून मिळून पन्नासेक पक्षी उचला आणि पाय उलटे करून तळवे बघा. काळं काही चिकटलेलं असेल तर ओल्या फडक्याने पुसा. निघून गेलं आणि खाली खवल्यांची स्वच्छ कातडी दिसली तर ती नुसती घाण होती. निघेचना, किंवा खपली सुटून खाली लालसर खड्डा दिसला, तर ती जखम आहे. मग मागच्या बाजूला वळणारा सांधा बघा, ज्याला आपण गुडघा म्हणतो. तिथे तपकिरी डाग असेल तर तो ओल्या गादीने भाजल्याचा डाग आहे. एवढं केल्याशिवाय लंगडण्यावर कोणी सल्ला दिला तर तो ऐकू नका, माझाही नाही.

आमचं शेड पाच हजार पक्ष्यांचं. पक्षी मी बघते, खरेदी आणि हिशेब धाकटे भावोजी बघतात. एका बॅचला, म्हणजे पक्ष्यांच्या एका खेपेला, तूस कमी पडलं, म्हणून दाराकडच्या अर्ध्या भागात तूस पसरलं आणि टाकीकडच्या अर्ध्यात सुतारी रंध्याचा भुसा. तीन आठवडे सगळं ठीक चाललं. बाविसाव्या दिवशी दाराकडचे पक्षी भांड्यापाशी बसूनच खाताना दिसले. मी मधून चालत गेले तरी उठेनात. उठले ते तापल्या फरशीवरून चालावं तसे पाय उचलून टाकत होते. टाकीकडचे मात्र पळत होते.

भावोजींनी एका नजरेत निकाल दिला. "वहिनी, तूस टोचतंय त्यांना. आणि हाडं कच्ची राहिलीत, कॅल्शियम लावा." दुसऱ्या दिवशी पाण्यातून कॅल्शियम सुरू झालं, आणि सोबत ताकदीसाठी म्हणून क्षारांची पावडरही. मी म्हटलं, आधी पाय बघू. ते म्हणाले, पाय बघून काय करणार, दुखतायत हे दिसतंयच की.

पुढच्या तीन दिवसांत पक्षी जास्त पाणी प्यायला लागले, कारण अंगात सोडियम-पोटॅशियम जास्त गेलं की ते बाहेर टाकायला पाणी लागतंच. विष्ठा पातळ झाली. दाराकडच्या गादीवर पपडी धरली, इतकी की चप्पल घालून चाललं तर कचकच आवाज यायचा. त्या रात्री मी एकटीच टॉर्च घेऊन आत गेले आणि वर सांगितलं तसे पाय उलटे केले. दाराकडच्या निम्म्याहून जास्त पक्ष्यांच्या तळव्यांना जखमा होत्या. टाकीकडे दहातल्या एखाद्यालाच. एका पिल्लाच्या तळव्यावरची खपली माझ्या अंगठ्याला लागून सुटली आणि त्याने पाय पोटाशी ओढून घेतला. ते मी विसरलेले नाही. हाडं कच्ची असती तर दोन्हीकडे कच्ची असती, खाद्य तर एकच होतं.

म्हणजे तूसच वाईट, असं तुम्हाला वाटेल. भावोजींनाही वाटलं, आणि त्यांनी ते सगळ्यांना सांगितलंही.

सकाळी मी दाराकडच्या निप्पल लाइनखाली, म्हणजे पक्षी चोचीने दाबून पाणी पितात त्या तोट्यांच्या नळीखाली, बादली उलटी घालून बसले आणि पक्षी पाणी पिताना निप्पलखाली तळहात धरला. प्रत्येक वेळी दोन-तीन थेंब हातावर. टाकीकडे जाऊन तेच केलं, हात कोरडा. मग मोजपात्र आणलं, निप्पल दाबून मिनिटभर पाणी धरलं. दाराकडे जवळजवळ दुप्पट पाणी येत होतं. शेडच्या जमिनीला दाराकडे साधारण एक वीत उतार आहे, धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेला. लाइन जमिनीपासून सगळीकडे सारख्या उंचीवर टांगायची, म्हणजे लाइनलाही तोच उतार. पाण्याचा दाब ठरवणारा रेग्युलेटर एकच, तोही वरच्या टोकाला. खालच्या टोकाला वीतभर पाण्याचा दाब जास्त, आणि तो सगळा गादीत गळत होता.

तरी वाद मिटेना. म्हणून पुढच्या बॅचला मी हट्टाने बाजू बदलल्या. दाराकडे भुसा, टाकीकडे तूस, लाइन मुद्दाम तशीच ठेवली. पक्ष्यांचे हाल होणार हे माहीत होतं, म्हणून रोज तळवे बघत होते. अठराव्या दिवशी दाराकडे, म्हणजे आता भुशावर, जखमा दिसायला लागल्या. तुसावरचे पक्षी धड होते. त्याच दिवशी लाइनच्या मध्यावर दुसरा रेग्युलेटर बसवला, पपडीच्या ढेपा उचलून बाहेर टाकल्या आणि कोरडा माल पसरला. दहा-बारा दिवसांत कोवळ्या जखमा भरून आल्या. तळव्याची कातडी वेळेवर कोरडं मिळालं तर भरते. खोल खड्डा पडलेल्यांचं मात्र तसंच राहिलं.

भावोजी आजही पाहुण्यांना सांगतात, आमच्याकडे तुसामुळे पाय गेले होते. मी समोर असले तर तेवढा विषय टाळतात.

यामागचं गणित अवघड नाही. पाचव्या आठवड्यातला पक्षी दिवसाला साधारण १५० ते १८० ग्रॅम खातो आणि खाद्याच्या पावणेदोन ते दोन पट पाणी पितो. ५,००० पक्ष्यांमागे दीड हजार लिटरच्या आसपास पाणी रोज शेडमध्ये येतं. त्यातलं थोडं अंगाला लागतं, बाकीचं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं. कुठलीच गादी एवढं पाणी पोटात ठेवू शकत नाही. तिने पाणी शोषायचं आणि सोडायचं, आणि सोडलेलं पाणी हवेने बाहेर न्यायचं. लोक फक्त किती शोषतं तेवढंच विचारतात. तूस पाणी कमी शोषतं पण लवकर सुकतं. भुसा जास्त शोषतो, पण तो बारीक पिठासारखा असेल तर एकदा भिजला की घट्ट बसतो आणि वरून पपडी धरतो. रंध्याचा मऊ, पातळ भुसा मला सगळ्यात आवडतो, आणि ते मी भावोजींच्या तोंडावर कबूल केलंय. फक्त तो गळक्या निप्पलवर उपाय नाही.

ब्रॉयलर दिवसाचा तीन चतुर्थांश वेळ बसून काढतो. पाच आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जाणारं अंग त्या तळव्यांवर, गुडघ्यांवर आणि छातीवर टेकलेलं असतं. खाली ओल असेल तर आधी कातडी फुगून मऊ होते, मग विष्ठेतला अमोनिया त्या ओलीत मिसळून तिला जाळतो. नुसत्या पाण्याने ओली केलेली गादीही तळव्याला जखम करायला पुरते. जखम झाली की पक्षी चालत नाही, चालत नाही म्हणून त्याच ओल्या जागी आणखी बसतो. बायोटिन हे जीवनसत्त्व कमी पडलं तरी तळवे फुटतात हे खरं आहे, पण ओल्या गादीवर बायोटिन ओतून काही हाती लागत नाही.

गादी हातात घेऊन दाबून बघायची सवय लावा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे. हळूहळू फुटला तर ठीक. अजिबात बांधला गेला नाही आणि हातातून धूळ उडाली तर फार कोरडी, मग श्वासाचा त्रास. ओलावा २० ते २५ टक्क्यांत राहिला तर बरं, ३५ च्या वर गेला की पपडी ठरलेली. अमोनियासाठी खाली वाका, पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर नाक न्या. रोज आत राहणाऱ्या माणसाच्या नाकाला तो वास येईनासा होतो, म्हणून बाहेरच्या कोणाला तरी बोलावून विचारा. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमात अमोनियाची मर्यादा पक्ष्याच्या डोक्याच्या पातळीवर २० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वीस भाग, आहे. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये तर कत्तलखान्यात तळवे तपासून गुण देतात, आणि गुण खराब आले तर त्या शेतकऱ्याला पुढच्या वेळी शेडमध्ये पक्षी कमी ठेवावे लागू शकतात. पाय बघून काय करणार, असं मला विचारलं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

ओल्या गादीवर चुना मारू नका. चुन्याने अमोनिया आणखी सुटतो आणि जखमेवर चुना म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पपडी उलटी करून त्याच जागी पुन्हा पसरू नका, उचलून बाहेर काढा, आणि उचलताना पडदे किंवा पंखे चालू ठेवा, नाहीतर कोंडलेला गॅस एकदम पक्ष्यांच्या तोंडावर येतो. निप्पलची उंची दोन-तीन दिवसांनी वाढवा. पक्ष्याने मान ताणून वर बघत प्यायला हवं, तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत.

बाकीच्या मालाबद्दल थोडक्यात. लांब कापलेला पेंढा नको, तो ओला होऊन थर धरतो आणि त्याची टोकं तळव्याला टोचतात. भुईमुगाची टरफलं चालतात, बुरशी नसेल तर. वाळूवर पाय चांगले राहतात, पण ती गार असते, पिल्लं यायच्या आधी नीट तापवावी लागते, आणि उचलताना कंबर मोडते. कुठल्याही मालाला बुरशीचा वास आला तर परत पाठवा, पिल्लांच्या फुफ्फुसात जाते. रंगाच्या किंवा वाळवीच्या औषधाच्या लाकडाचा भुसा तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

एक गोष्ट खरं तर आधीच सांगायला हवी होती. प्रत्येक लंगडणं गादीचं नसतं. तळवे आणि गुडघे स्वच्छ आहेत आणि तरी पक्षी चालत नाही, पंखांची टोकं जमिनीला टेकवून तोल सावरतो, तर मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जंतूंनी हाड सडलेलं असू शकतं. चोच रबरासारखी वाकत असेल तर मुडदूस, म्हणजे ड-३ जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस यांचा घोळ, आणि तेव्हा भावोजींचं कॅल्शियम बरोबर ठरलं असतं. स्नायूंचे दोर सुजलेले असतील तर विषाणूचा सांधेदाह बघावा लागतो. हे घरी ओळखू नका, दोन-तीन लंगडे पक्षी पशुवैद्याकडे नेऊन उघडून बघा. पातळ विष्ठेत रक्त दिसलं तरी तेच करा, कॉक्सीडिया, म्हणजे आतड्यातले परजीवी, असतील तर गादी कितीही बदला, ओली होतच राहणार. आणि माझा अनुभव एका शेडचा, थोड्या बॅचेसचा आहे. तुमच्या जमिनीला उतार नसेल तर तुमची ओल दुसरीकडून येत असेल, पडदे रात्री घट्ट बंद करत असाल तर तिथूनही.

तूस मात्र इतक्यात काढू नका. पन्नास पक्ष्यांपैकी किती जणांच्या तळव्याला खरी जखम आहे, त्यातले किती निप्पल लाइनखालचे आणि किती भिंतीकडचे, एवढं मोजून इथेच खाली लिहा. आणि निप्पलखाली हात धरून बघितलात तर तेही लिहा.