घट्ट चिकणमातीचा स्टिफनेस जागेवरच कसा मोजावा?

भाऊ, तुम्ही अमळनेरजवळ गोदाम बांधताय. काळी संपल्यावर चुनखडीचे खडे असलेली घट्ट पिवळी माती लागली, एसपीटीचा (जमिनीत नळी ठोकून करायच्या चाचणीचा) एन, म्हणजे ठोक्यांचा आकडा, 28 आला, आणि त्यावरूनच स्टिफनेस, म्हणजे दाबाखाली माती किती ताठ राहते ते, धरावं का, असं विचारताय.

नुसत्या त्यावरून धरू नका. एसपीटीत 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पडतो आणि शेवटच्या 30 सेंटिमीटरचे ठोके मोजतात. तिथे माती फाडली जाते, तुमच्या फूटिंगखाली (पायाच्या रुंद तळाखाली) ती जराशीच दबणार आहे. शिवाय एखादा चुनखडा स्पूनच्या (ठोकायच्या नळीच्या) तोंडाशी अडकला की ठोके उगाच वाढतात. बोअर कुठल्या महिन्यात मारलं तेही बघा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वरची माती विटेसारखी असते, पोळ्याला त्याच मातीत पाय रुततो.

प्लेट लोड टेस्ट घ्या, म्हणजे खड्ड्याच्या तळाशी प्लेट ठेवून लोड द्या आणि ती किती दबते ते मोजा, पण खड्डा जपा. एकदा आम्ही सकाळी तळ साफ केला, भाकर खाऊन आलो तर उन्हानं केसाएवढ्या भेगा पडलेल्या. पुन्हा हातभर खोदावं लागलं. तेव्हापासून ओली गोणपाटं टाकतो आणि शेवटची वीतभर माती प्लेट बसवायच्या आधीच, हाताने काढतो.

समजा, 30 सेंटिमीटरची गोल प्लेट 200 किलोपास्कलला 2 मिलिमीटर दबली. पॉयसन रेशो (दाबल्यावर माती बाजूला किती फुगते त्याचं प्रमाण) 0.5 धरला तर ई, म्हणजे स्टिफनेसचा आकडा, साधारण 18 मेगापास्कल येतो. पहिल्या लोडिंगमधलं थोडं दबणं प्लेट नीट बसण्यातच जातं, म्हणून एकदा लोड उतरवून परत चढवा. तो आकडा मोठा येईल, दोन्ही लिहून ठेवा. मात्र प्लेटला तिच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे 60 सेंटिमीटरच खोली कळते. 1.8 मीटरचं फूटिंग प्लेटच्या सहापट रुंद आहे, म्हणून त्याच दाबाखाली चिकणमातीत दबणंही सहापट, म्हणजे 12 मिलिमीटर धरा. पाणी हळूहळू निघून होणारं दबणं त्यात नाही.

कुणी शिअर वेव्हचा (जमिनीतून सोडलेली लाट किती वेगाने जाते त्याचा) रिपोर्ट दाखवला तर दचकू नका. वेग सेकंदाला 200 मीटर, घनता घनमीटरला 1900 किलो असेल तर जी (माती आडवी सरकवतानाचा स्टिफनेस) 76 मेगापास्कल, म्हणजे ई त्याच्या तिप्पट, 228. तोही खरा आहे, पण लाटेने माती जेमतेम हलते तेवढ्यापुरता. ताण वाढला की स्टिफनेस घसरतो. मशीनच्या थरथरीसाठी तो वापरा, गोदामाच्या सेटलमेंटला (खचण्याला) नको.

बजेट असेल तर पिवळ्या मातीत प्रेशरमीटर (बोअरमध्ये फुगवून बाजूची माती दाबायचं यंत्र) घ्या. नसेल तर फूटिंगच्या तळाशी आणि त्याखाली मीटरभर, अशा दोन प्लेट टेस्ट पुरतील.