ईसीयू बदलण्याआधी एक तास थांबा: दोन्ही चाव्या हरवल्यावर इमोबिलायझरला नवी चावी स्वतः शिकवण्याविषयी

तुमच्या प्रश्नातील एका वाक्यावर माझी नजर खिळली. दोन्ही चाव्या एकाच रिंगमध्ये होत्या आणि त्या दापोलीला समुद्रात गेल्या, इथपर्यंतची हकिगत कोणाचीही असू शकते. परंतु नवी चावी गाडीला शिकवताना, म्हणजे तिची ओळख गाडीच्या यंत्रणेत नोंदवताना, लागणारा पिन वारंवार नाकारला जाऊ लागल्यावर गॅरेजने ‘ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) रीसेट व्हावा’ म्हणून बॅटरी रात्रभर काढून ठेवली, सकाळी जोडल्याबरोबर पुन्हा तोच पिन टाकला, तोही नाकारला गेला आणि आता ते ईसीयूसह सगळा लॉकसेट (दारांची आणि इग्निशनची कुलपे) बदलायला सांगत आहेत, हे वाचताना मला माझेच जुने दुखणे आठवले. गाडीही तीच आहे, ह्युंदाईची पहिल्या पिढीतील पेट्रोल आय-ट्वेंटी. माझी २०११ सालची. प्रोग्रामिंगचे यंत्र विकत घेऊन हे काम घरी करता येईल का, हा तुमचा मूळ प्रश्न आहे. घरी करता येते आणि मी ते भाड्याच्या यंत्राने केले आहे, मात्र त्याआधी त्या बॅटरीचा विषय मिटवावा लागेल.

इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) म्हणजे काय, चावीतील चिप आणि ती वाचणारे इग्निशनच्या कुलपाभोवतीचे कॉइल यांचे नाते काय, हे तुम्ही वाचलेलेच दिसते, त्यामुळे त्यात शिरत नाही. तुमच्या गाडीत नवी चावी शिकवण्यासाठी सहा अंकी पिन लागतो. चुकीचा पिन तीन वेळा टाकला गेला की यंत्रणा एक तासासाठी स्वतःला कुलूप घालते आणि त्या तासात बरोबर पिन टाकला तरी तो स्वीकारत नाही. खरी मेख पुढे आहे. बॅटरी काढल्याने हा तास कमी होत नाही; उलट बॅटरी पुन्हा जोडली की तो तास पहिल्यापासून मोजला जातो. म्हणजे बारा तास बॅटरी काढून ठेवा किंवा बारा दिवस, जोडल्यानंतरचा पूर्ण तास गेल्याशिवाय कुलूप उघडणार नाही. तुमच्या गॅरेजने सकाळी बॅटरी जोडून लगेच पिन टाकला असेल, तर त्या नकारातून ईसीयूच्या तब्येतीविषयी काहीही कळत नाही.

माझ्या वेळी गाडी ज्या वर्कशॉपमध्ये होती त्याचे नाव घेत नाही. ते कंपनीचे अधिकृत केंद्र नव्हते. सर्व कंपन्यांच्या गाड्या घेणारे, काचेची केबिन आणि कॉफीचे यंत्र असलेले मोठे ठिकाण होते. तिथला मुलगा स्वभावाने चांगला होता, परंतु पडद्यावर नकार आला की तो बॉनेटखाली जायचा, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सैल करायचा, केबल बाजूला करून पाच मिनिटे धरायचा, पुन्हा आवळायचा आणि तोच पिन टाकायचा. दर वेळी तास पहिल्यापासून सुरू होत होता आणि दर वेळी तो अधिक ठामपणे ‘ईसीयू गेला’ असे म्हणत होता. मी प्रोग्रामिंगच्या यंत्राच्या मॅन्युअलमधला या तासाविषयीचा परिच्छेद दाखवायचा प्रयत्न केला, तेव्हा केबिनमधील साहेबांनी ‘आम्ही रोज दहा गाड्या करतो’ एवढेच उत्तर दिले. शेवटी ईसीयू, इमोबिलायझरचे युनिट आणि लॉकसेट मिळून त्यांनी जे कोटेशन हातात ठेवले, त्यात एखादी जुनी दुचाकी आरामात आली असती.

कोटेशनवर तुम्ही सही केली नसेल, तर त्यांना एक प्रश्न अवश्य विचारा. नवा ईसीयू बसवला तरी त्यालाही चावी शिकवावीच लागते आणि त्या वेळीही पिन लागतो. कोरा ईसीयू चावीशिवाय गाडी चालू करत नाही. कुर्ल्याच्या बाजारातून जुना आणला, तर त्यात आधीच्या गाडीची ओळख बसलेली असते आणि ती आधी पुसावी लागते. मग जे काम जुन्या ईसीयूवर जमत नाही, ते नव्यावर कसे जमणार? मला या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. मी गाडी फ्लॅटबेडवर घालून घरी आणली, कारण चावी नसल्याने स्टिअरिंग लॉक झालेले असते आणि अशी गाडी दोरीने ओढणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे.

आता पिन मुळात का नाकारला गेला ते पाहा, कारण चुकीचा पिन तासभर थांबूनही चुकीचाच राहतो. तो त्या विशिष्ट गाडीचा असतो आणि चेसिस क्रमांकाच्या आधारे दिला जातो. माझ्या बाबतीत वर्कशॉपने तो क्रमांक आरसीच्या झेरॉक्सचा व्हॉट्सअपवरून आलेला फोटो पाहून उतरवला होता आणि झेरॉक्समध्ये ८ चा ३ झाला होता. एवढ्या एका आकड्यापायी ईसीयूचा बळी जाणार होता. क्रमांक गाडीवर कोरलेला असतो, तिथूनच स्वतः वाचून घ्यावा आणि मूळ आरसीशी ताडून पाहावा. भारतात बनलेल्या ह्युंदाईचा क्रमांक एमएएल या अक्षरांनी सुरू होतो आणि सतरा अक्षरांच्या या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरली जात नाहीत, म्हणून गोल दिसेल ते शून्य समजावे. झेरॉक्सची झेरॉक्स कोणालाही देऊ नये.

पिन कुठून मिळवावा याविषयी माझे मत स्पष्ट आहे: अधिकृत सेवा केंद्रात जाऊन, गाडीचे मालक म्हणून. मूळ आरसी, ओळखपत्र आणि लेखी अर्ज घेऊन आरसीवर ज्यांचे नाव आहे त्यांनी स्वतः जावे. ते कागदपत्रे बारकाईने तपासतात, याचा राग मानू नये. आपली गाडी दुसऱ्या कोणाला इतक्या सहज मिळू नये अशीच आपली इच्छा असते. काही ठिकाणी पिन हातात देत नाहीत, गाडी आणा, आम्हीच करून देऊ असे सांगतात. तसे झाल्यास आणि त्यांचा दर परवडत असेल तर तिथेच करून घेणे शहाणपणाचे आहे. गाडी जुनी घेतलेली असेल आणि आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल, तर आधी फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओमध्ये हस्तांतर करून घ्यावे. मालक वारले असतील तर फॉर्म ३१ लागतो आणि तो तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. पिनशिवाय काम करण्याच्या युक्त्या व्हिडिओंमध्ये दाखवतात, त्यांविषयी मी लिहिणार नाही. त्या चोरांच्याही उपयोगाच्या आहेत आणि नवख्याच्या हातून त्यांत ईसीयू खरोखरच जाऊ शकतो.

पिन हाती आला की खर्चाचे दोन निर्णय उरतात. पहिला यंत्राचा. बाजारात मिळणारा स्वस्त ईएलएम-३२७ ब्लूटूथ डोंगल इंजिनाचे फॉल्ट कोड (बिघाडाचे संकेत) वाचतो, परंतु चावी शिकवत नाही. त्याच्या भरवशावर बसू नये. चावी शिकवण्याची, म्हणजे ‘की प्रोग्रामिंग’ची, सोय असलेले आणि यादीत तुमचे नेमके मॉडेल व वर्ष असलेले यंत्र लागते. एका गाडीसाठी ते विकत घेणे मला आजही परवडणारे वाटत नाही. मी ओळखीच्या चावीवाल्याकडून अनामत ठेवून भाड्याने घेतले. असा माणूस तुमच्याकडे असेल, तर त्यालाच घरी बोलावून शेजारी उभे राहणे हा सर्वांत स्वस्त पर्याय ठरेल.

दुसरा निर्णय चावीचा. या पिढीच्या आय-ट्वेंटीत आयडी-४६ जातीची चिप असते, तरी मागवण्याआधी वर्ष आणि व्हेरियंट सांगून दुकानदाराकडून खात्री करून घ्या. ही चिप एकदा एखाद्या गाडीला शिकवली की ती लॉक होते आणि दुसऱ्या गाडीला शिकवता येत नाही. त्यामुळे भंगार बाजारातील चावीचे कवच उपयोगी पडेल, चिप पडणार नाही. मी पुण्यात नाना पेठेतून दोन कोऱ्या चिपच्या चाव्या घेतल्या. दोनच का, ते पुढे सांगतो. पाते कापून घेताना चावीचा क्रमांक असेल तर काम अचूक होते. हा क्रमांक नव्या गाडीसोबत चावीला लटकवून दिलेल्या लहानशा पट्टीवर असतो, जी बहुतेक जण रिंग बदलताना फेकून देतात. मॅन्युअलच्या पाकिटात एकदा शोधून पाहा. तुमच्या गॅरेजने कापलेली चावी दार उघडत असेल आणि इग्निशन सहज फिरवत असेल, तर हा भाग झालेलाच आहे.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे आणि म्हणूनच घाई होते. बॅटरी जोडा, तिला चार्जर लावा आणि व्होल्टेज साडेबाराच्या खाली जाऊ देऊ नका. दिवे, ब्लोअर, म्युझिक सिस्टीम सगळे बंद ठेवा. मग पूर्ण तास जाऊ द्या. मी घड्याळ लावून सव्वा तास थांबलो आणि त्या वेळात कोणालाही बॉनेटला हात लावू दिला नाही. नंतर यंत्र डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला (तपासणीची यंत्रे जोडण्याच्या सॉकेटला) जोडून इग्निशन ऑन करा. या वेळी इमोबिलायझरचा दिवा लुकलुकेल आणि इंजिन चालू होणार नाही, ते अपेक्षितच आहे. यादीतून नेमके मॉडेल निवडा, की टीचिंगच्या पर्यायात जा आणि पिन टाकण्याआधी कागदावरचे सहा अंक दुसऱ्या कोणाला मोठ्याने वाचायला सांगा. आमच्याकडे हे काम बायकोने केले आणि चौथा अंक मी चुकीचा दाबला होता, तो तिने धरला.

यानंतर यंत्र पहिली चावी शिकल्याचे सांगते आणि दुसरी घालायला सांगते. येथे दुसरी चावी हाताशी हवीच, कारण नव्याने शिकवताना आधीच्या सगळ्या चाव्या स्मृतीतून पुसल्या जातात आणि त्या बैठकीत शिकवलेल्याच चाव्या उरतात. आज एक शिकवली आणि पुढच्या महिन्यात दुसरी आणली, तर पुन्हा दोन्ही घेऊन सगळा खटाटोप करावा लागतो. एक शिकवताना दुसरी चिपची चावी कुलपाजवळ किंवा त्याच रिंगमध्ये ठेवू नका. दोन चिपा जवळ आल्या की वाचनात गोंधळ होतो. वाटेत एखादा संदेश न समजल्यास अंदाजाने ‘ओके’ दाबू नका, त्याचा फोटो काढा आणि बाहेर पडा. चुकीचा पिन एकदा गेला असेल, तर दुसऱ्यांदा टाकण्याआधी तो कागद पुन्हा तपासा. तिसऱ्या चुकीनंतर काय होते ते आता तुम्हाला माहीत आहे.

चावीवरचे बटण दाबून दार उघडले नाही म्हणून प्रोग्रामिंग फसले असे समजू नका. सेंट्रल लॉकिंगचा रिमोट आणि इमोबिलायझरची चिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या शिकवाव्या लागतात. रिमोटला सेल लागतो. चिपला लागत नाही, ती कॉइलकडून मिळणाऱ्या ऊर्जेवर चालते. इंजिन चालू होऊन चालू राहिले की मुख्य काम झाले.

तुमच्या चाव्या समुद्रात गेल्या आहेत, त्यामुळे त्या कोणाला सापडण्याची भीती कमी आहे. परंतु ज्यांच्या चाव्या बाजारात किंवा पार्किंगमध्ये हरवल्या असतील त्यांच्यासाठी सांगतो: पुसलेल्या चावीने गाडी चालू होत नाही, तरी तिच्या पात्याने दार उघडतेच. कुलूप तेच राहते. गाडीत कागदपत्रे किंवा लॅपटॉप ठेवण्याची सवय असेल तर दाराचे कुलूप बदलण्याचा विचार करावा. लॉकसेट बदलण्याचा सल्ला एरवी मला पटत नाही, या एका कारणासाठी पटतो.

विम्याचे काम मात्र टाळू नका. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ चाव्या मागते आणि त्या देता आल्या नाहीत तर वाद सुरू होतो. म्हणून चाव्या हरवल्याची नोंद महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर किंवा ठाण्यात जाऊन करून घ्या, तिची प्रत जोडून विमा कंपनीला ई-मेल करा आणि नव्या चाव्यांच्या पावत्या जपून ठेवा. पॉलिसीत ‘की रिप्लेसमेंट’चे (चावी बदलण्याच्या खर्चाचे) कलम घेतले आहे का तेही पाहा. ते असेल तर हाताला काळे लावण्याची गरजच नाही, त्यांच्या अटींनुसार खर्च भरून मिळू शकतो. त्या अटींत अनेकदा काम कुठे करावे आणि किती दिवसांत कळवावे हे लिहिलेले असते, म्हणून आधी कलम वाचा आणि मग पाना उचला.

हे सगळे माझ्या एका गाडीच्या अनुभवावर आणि तिच्या मॅन्युअलवर आधारलेले आहे. मी मेकॅनिक नाही. पुश बटण असलेल्या स्मार्ट कीच्या गाडीला यातले बरेचसे लागू होणार नाही, आणि इतर कंपन्यांच्या गाड्यांत पिनचे अंक व कुलूप पडण्याचे नियम निराळे असतात.

सध्या गॅरेजला एवढेच सांगा की बॅटरी जोडून ठेवावी आणि कोणीही पिन टाकू नये. गाडीवरून चेसिस क्रमांक स्वतः वाचून, गॅरेजच्या जॉबकार्डवर लिहिलेल्या क्रमांकाशी ताडून पाहा आणि दोन्ही जुळतात का ते इथे कळवा. क्रमांक मात्र इथे उघड लिहू नका. नव्या चावीतील चिप कोरी आहे की कोणाच्या जुन्या चावीतून काढलेली, हेही त्यांना विचारून ठेवा.