कोडे, उखाणा की बीजक?

प्रश्न असा आला आहे : रंकाळ्याच्या आसपास एक डबी लपवायची, ठिकाण थेट सांगायचे नाही, कोल्हापूरविषयी काही प्रश्न द्यायचे आणि उत्तरांचे आकडे जोडले की अक्षांश-रेखांश मिळतील. जिओकॅशिंगमधल्या, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेली डबी शोधायच्या खेळातल्या, या प्रश्नांच्या कागदाला मराठीत काय म्हणावे? कोडे, उखाणा की खजिन्याचा नकाशा?

माझे मत विचाराल तर 'बीजक'. आता जीएसटीमुळे हा शब्द दुकानाच्या बिलापुरता उरलाय, पण पुरून ठेवलेले धन कुठे आणि किती आहे याच्या टिपणालाही बीजकच म्हणत. कबीराच्या एका साखीत हाच अर्थ आहे : जे वित्त गुप्त असते, ते बीजक दाखवते.

उखाणा म्हटले की आज नाव घेणारी नवरी आठवते. मुळात तोही कोड्याचाच प्रकार. आहणा, उमाणे, हुमान ही त्याची भावंडे. पण उखाण्याचे उत्तर आले की खेळ संपतो, इथे उत्तर आल्यावर चालायला सुरुवात होते. म्हणून एकेक प्रश्न हे कोडे आणि सगळा कागद मिळून बीजक, अशी वाटणी मला पटते.

'खजिना' मात्र नकोच. डबीत असते नाव लिहायची वही, फार तर एखादी किरकोळ वस्तू. या डबीला इंग्रजीत 'कॅश' म्हणतात, ते ऐकून रोकड समजणारेही भेटतात. तो शब्द 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि ३ मे रोजी ओरेगॉनमध्ये पहिली अशी वस्तू लपवली गेली. आपल्याकडे डबी 'शोधली, सापडली' असे कशाला लिहायचे? हुडकली आणि घावली!

शब्दापेक्षा जास्त जपायला हवी ती प्रश्नांची भाषा. 'पंचगंगेत किती नद्या मिळतात?' याला कोल्हापूरकर ५ म्हणेल : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती. पण सरस्वती गुप्त. नकाशा बघून सोडवणारा ४ लिहिणार आणि दोघेही भांडायला मोकळे. हा आकडा कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, पहिल्या दशांशस्थानी असेल, तर अक्षांशात एकाच्या फरकाने माणूस सुमारे १८५ मीटर बाजूला जातो; तिसऱ्या स्थानी असेल तर दोन मीटरही नाही. (मिनिटाला 'कला' हा चांगला शब्द असताना बीजकात तोच वापरावा.) 'परंपरेने किती नद्या मानतात?' असे विचारले की वाद मिटला. तसेच 'शाहू महाराज राजे कधी झाले?' हे मोघम आहे. दत्तकविधान १८८४ चे, राज्यारोहण १८९४ चे. शेवटचा अंक दोन्हीकडे ४ हे आपले नशीब, पण तिसरा अंक, आठ की नऊ, हे विचारलेत तर फसगत होईल.

आणि शेवटी ताळा द्या. नद्या ५, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे ७, राज्यारोहणाच्या सालाचा शेवटचा अंक ४, म्हणजे बेरीज १६. पंधरा आली तर गडी घरातच पुन्हा हिशेब करील, उगाच कुणाच्या परड्यात शिरणार नाही.