कोल्हापूरजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बायका कॅन्सर तपासणीला येतात, पण बऱ्याच तपासणीविना परत जातात. लीन पद्धतीचा (कामातला खोळंबा आणि वाया जाणारा वेळ कमी करायची पद्धत) उपयोग होईल का?

होईल. पण भिंतीवर तक्ते लावणं म्हणजे लीन नव्हे (सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते!). टोयोटाच्या कारखान्यातली ही पद्धत सांगते, आधी जागेवर जाऊन बघा. केसपेपरपासून एका बाईसोबत घड्याळ घेऊन चाला.

३० वर्षांवरील बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी तपासणी असते. गर्भाशयमुखाला अॅसिटिक अॅसिड लावून मिनिटभर थांबायचं, मग बघायचं. म्हणजे काम काही मिनिटांचं. खोळंबा होतो तो खोली रिकामी नसते, स्पेक्युलम (गर्भाशयमुख बघायचं उपकरण) निर्जंतुक केलेले नसतात किंवा सिस्टर लसीकरणाला गेलेल्या असतात म्हणून. ट्रे आदल्या दिवशीच भरून ठेवा. शेवटचे चार स्पेक्युलम उरले की पुढचा लॉट ऑटोक्लेव्हला (निर्जंतुक करायच्या यंत्रात), हा नियमच करा. तोंडाची तपासणी बीपीच्या रांगेतच उरकते. आणि भांगलणीच्या दिवसांत सकाळी अकराची वेळ देऊन कोण येणार? आशाताईंना विचारून वेळ ठरवा.

खरी गळती मात्र पुढे आहे. संशयित बाईला कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जायची चिठ्ठी दिली की नोंदवहीत काम संपलेलं दिसतं. तिचं नाव एका फळ्यावर लिहा, रिपोर्ट हातात येईपर्यंत ते पुसू नका आणि दर सोमवारी मेडिकल ऑफिसरनी स्वतः तो फळा बघावा.