सॉफ्टवेअर पायरसीने छोट्या डेव्हलपरचं नुकसान होतं की उलट फायदाच होतो?

फायदा होतो ना, पण ज्याचं पोट आधीच भरलंय त्याचा.

१९७६ मध्ये बिल गेट्सने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघडं पत्र लिहिलं, की अल्टेअर बेसिक (अल्टेअर नावाच्या तेव्हाच्या छोट्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचं आमचं सॉफ्टवेअर) तुम्ही सर्रास चोरताय, अल्टेअरवाल्यांपैकी १० टक्क्यांनीसुद्धा ते विकत घेतलेलं नाही. आणि तोच माणूस १९९८ मध्ये चीनबद्दल म्हणाला, चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत, एकदा सवय लागली की वसुलीचं बघू. मधल्या काळात त्याची कंपनी कुठच्या कुठे गेली होती, एवढाच फरक.

आमच्या मेव्हण्याला यातलं फक्त दुसरं पाठ आहे. मी घरखर्चाच्या हिशेबाचा एक छोटा प्रोग्राम विकायचो, त्याचा क्रॅक, म्हणजे लायसन्सची अट तोडलेली फुकट कॉपी, बाहेर आला तेव्हा हा म्हणतो, दाजी अभिनंदन, फुकटात जाहिरात! मग एका सद्गृहस्थाची मेल आली, अपडेट केल्यावर सगळ्या नोंदींची वाट लागली, ताबडतोब काहीतरी करा. प्रोग्राम स्वतःच्या कामाची नोंद ठेवतो तो लॉग मागवला तर लायसन्सच्या जागी नुसती शून्यं. क्रॅकवाल्याने लायसन्स तपासणारं फंक्शनच (प्रोग्रामचा तेवढा तुकडा) उडवलेलं, आणि फाइलचं व्हर्जन त्याच फंक्शनमध्ये वाचलं जायचं, त्यामुळे जुनी फाइल नवी समजून उघडायची आणि तारखेच्या रकान्यात रकमा, रकमेच्या रकान्यात कचरा. तरी मी त्याची फाइल माझ्याकडे नव्या फॉरमॅटमध्ये बदलून परत पाठवली, कारण कोणाच्या तरी घरचा हिशेब होता तो. धन्यवाद राहिले बाजूला, डाउनलोड साइटवर एक स्टार, 'डेटा खातो, घेऊ नका'. आता हे वाचून जे परत गेले असतील ते पैसे देणारेच ना? फुकट्यांना रिव्ह्यूशी काय देणंघेणं.

आणि खरा मार बसतो तो आपल्या क्रॅकचा नाहीच, मोठ्यांच्या क्रॅकचा बसतो. फोटोशॉप चोरणारा पोरगा ॲडोबीचं गिऱ्हाईक नव्हताच, तो स्वस्तातला फोटो एडिटर लिहिणाऱ्या एकट्या माणसाचं गिऱ्हाईक होता. पुढे तो नोकरीला लागला की ऑफिस लायसन्स घेतं फोटोशॉपचंच, म्हणजे ॲडोबीचं दोन्हीकडून भलं.

२०१३ मध्ये 'गेम डेव्ह टायकून' बनवणाऱ्या दोन भावांनी स्वतःच गेमची एक कॉपी टोरेंटवर, म्हणजे फुकट कॉप्या वाटल्या जातात तिथे, सोडली, तिच्यात खेळणाऱ्याची कंपनी पायरसीमुळे बुडते. पहिल्याच दिवशी ९३.६ टक्के लोक त्या कॉपीवर, आणि त्यातलेच काही विचारत होते की आमचे गेम चोरीला जातायत, काय करू! मेव्हणा म्हणेल बघा झाली ना जाहिरात. अरे बाबा, जाहिरात बातमीने झाली, आणि अशी बातमी एकदाच होते.

हां, प्रत्येक कॉपी म्हणजे बुडालेली विक्री असं मी म्हणत नाही. फ्लॉपीच्या काळातले कितीतरी प्रोग्राम आज शिल्लक आहेत ते कोणीतरी त्यांचं कॉपी प्रोटेक्शन तोडलं म्हणूनच, हेही खरं. आणि प्रोटेक्शनचा जाच शेवटी पैसे भरणाऱ्यालाच होतो, म्हणून तुम्ही स्वतः काही विकणार असाल तर ट्रायल सढळ द्या आणि तपासणी साधी ठेवा. पण फुकट जाहिरातीच्या भरवशावर राहू नका. त्या जाहिरातीतून आलेलं एक गिऱ्हाईक मेव्हण्याने मला अजून दाखवलेलं नाही. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर माझा प्रोग्राम आहे, पण ते लायसन्स मीच दिलंय, बायकोने सांगितलं म्हणून.