भावासाठी निवासी संस्था चांगली आहे की नाही, हे कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ ३६ वर्षांचा, मध्यम बौद्धिक अक्षमता, अधूनमधून फिट येते, बोलणं मोजकंच. आई ७४ वर्षांची, तिच्याने आता होत नाही. चार संस्था पाहून झाल्या, चारही ठिकाणी स्वच्छता, बाग, चहा, आपुलकी. मग निवड करायची कशावरून?

चारही सारख्या वाटल्या, कारण बहुधा चारही ठिकाणी तुम्ही फोन करून सकाळी अकराच्या सुमाराला गेलात. तेव्हा आंघोळी उरकलेल्या असतात, कार्यशाळेत पणत्या रंगवणं चालू असतं आणि सगळा कर्मचारीवर्ग हजर असतो. दुसरी भेट सकाळी साडेसहाची किंवा संध्याकाळी सहा ते आठची मागा, शक्यतो रविवारी. 'आंघोळीच्या वेळी आत नको, इथे व्हरांड्यात बसा' असं कुणी म्हणालं तर ते रास्तच आहे, उलट चांगलं लक्षण आहे. पण अकराशिवाय कुठल्याच वेळी येऊ देत नसतील, तर ती संस्था यादीतून काढा.

सकाळीच का, त्याचा हिशेब मांडून दाखवतो. समजा २० रहिवासी आहेत आणि सहा ते आठ या वेळात दोन काळजीवाहक. दोघांची मिळून २४० मिनिटं, म्हणजे माणशी १२. त्यात शौच, दात, आंघोळ, कपडे. तुमच्या भावाने शर्टाची बटणं स्वतः लावायची तर एवढ्यालाच पाच-सात मिनिटं जातील. १२ मिनिटांत एकच गोष्ट जमते: काळजीवाहकाने सगळं स्वतः उरकून मोकळं होणं. आईने वर्षानुवर्षं खपून जे शिकवलं, ते असं वर्षभरात विसरायला होतं. कुणी दुष्ट आहे म्हणून नव्हे, माणसं कमी आहेत म्हणून. म्हणून 'एकूण कर्मचारी किती' हे विचारू नका. त्या आकड्यात स्वयंपाकी, ड्रायव्हर, क्लार्क सगळे येतात. विचारा: सकाळी सहाला हाताशी कितीजण? रात्री दोनला जागं कोण असतं? झोपलेला माणूस मोजू नका. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याला १६८ तास लागतात. माणूस ४८ तास काम करतो असं धरलं तर साडेतीन माणसं, रजा आणि आजारपण धरून चारच्या वर. सतत दोघं जागे ठेवणाऱ्या संस्थेकडे निव्वळ काळजीवाहकच आठ-नऊ हवेत. हजेरीपत्रक मागून मोजून घ्या. त्यातले दोन वर्षांहून जुने किती, हेही विचारा. दर तीन महिन्यांनी माणसं बदलत असतील, तर न बोलणाऱ्या रहिवाशाच्या खाणाखुणा तिथे कुणालाच कळत नाहीत.

तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे औषधांची नोंद. फिटच्या गोळीचे दोन-तीन डोस चुकले तरी फिट येऊ शकते, म्हणून इथे वेळ घालवा. संध्याकाळी सहाला गेलात की औषधांचं रजिस्टर दाखवायला सांगा, नावं हाताने झाकली तरी चालतील. रात्री आठच्या रकान्यात सहालाच सही झालेली असेल, तर सह्या गोळी न देताच होतात. महिनाभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच ओघात, एकही 'घेतली नाही', 'उलटी झाली' असा शेरा नाही, तेही तसंच. मग एकाच रहिवाशाच्या गोळ्या मोजायला सांगा. एक तारखेच्या सकाळी ६० गोळ्या होत्या, दिवसाला दोन. चौदा तारखेला संध्याकाळी, रात्रीच्या डोसआधी, २७ संपलेल्या हव्यात आणि ३३ शिल्लक. ३६ निघाल्या तर तीन डोस गेलेच नाहीत. या मोजणीला पाच मिनिटं लागतात, आणि व्यवस्थित चालणाऱ्या संस्थेला तिचं काही वाटत नाही, कारण ती हे दर आठवड्याला स्वतः करते.

रात्रीच्या काळजीवाहकाला थेट विचारा, 'फिट आली तर तुम्ही काय करता?' व्यवस्थापकाला उत्तर देऊ देऊ नका. कांदा फोडून नाकाशी धरतो, चप्पल हुंगवतो, दातात चमचा घालतो, यातलं काही ऐकू आलं तर प्रशिक्षण झालेलं नाही. हवं ते उत्तर साधं आहे: घड्याळ बघतो, आजूबाजूचं टणक सामान हलवतो, डोक्याखाली मऊ काही ठेवतो, कुशीवर वळवतो, तोंडात काही घालत नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला फवारा देतो आणि गाडी काढतो. पुढचा प्रश्न, रात्री गाडी कुणाची आणि चालवतो कोण? फिटच्या वहीत तारीख, सुरू झाल्याची वेळ, किती मिनिटं, आधी काय चाललं होतं, एवढं तरी असायला हवं. 'फिट आली, बरा आहे' ही नोंद न्यूरॉलॉजिस्टच्या काही उपयोगाची नाही.

औषधांबद्दल आणखी एक. दुपारी चारला बहुतेक रहिवासी झापडीत दिसले तर 'शांत राहण्याच्या' गोळ्या कितीजणांना आहेत, कुणी लिहिल्या आणि शेवटचा फेरविचार कधी झाला, हे विचारा. वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी झेरॉक्स करून चालू असते, आणि अपुऱ्या माणसांची भरपाई गुंगीने होते. त्याच गोळ्यांमुळे बद्धकोष्ठही होतं. न बोलणाऱ्या माणसाचं पोट दुखतंय हे त्याच्या आदळआपटीतून कळतं, आणि आदळआपट केली म्हणून गोळी वाढते. हे चक्र तोडायला शौचाची नोंद लागते. सलग तीन दिवस रिकामे दिसले की कुणी काय केलं, ते बघा. वजन दर महिन्याला हवं. ६० किलोच्या माणसाचं महिन्यात तीन किलो उतरलं आणि त्यासमोर काहीच लिहिलेलं नाही, तर वजन फक्त रकाना भरायला घेतलं जातं.

जेवताना शेजारी बसा. भरवणारा माणूस समोर बसलाय की उभ्याने, मोबाइल बघत भरवतोय? पोळी, भात, आमटी, भाजी सगळं एकत्र कालवून सगळ्यांनाच दिलं जातंय का? ज्याला गिळायला त्रास आहे त्याला मऊ करून द्यावंच लागतं, ताठ बसवावं लागतं, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नसतं. पण चावता येणाऱ्यालाही तोच काला मिळत असेल, तर ती सोय भरवणाऱ्याची आहे. देणगीदारांच्या वाढदिवसांचा फलक दिसला तर महिन्यात किती दिवस लागले आहेत ते मोजा. दहा-बारा दिवस जिलेबी, केक आणि फोटोसाठी रांगेत बसणं, हा रहिवाशांच्या तब्येतीचा प्रश्न आहे आणि मानाचाही.

पन्नाशीच्या माणसालाही 'आमची मुलं' म्हणायची पद्धत सगळीकडे आहे, आई-वडीलही तसंच म्हणतात, म्हणून नुसत्या शब्दावरून पारख करू नका. दोरीवरचे कपडे बघा: खुणा आहेत की सामाईक ढिगातून हाताला येईल तो शर्ट? ब्रशवर नावं आहेत का, आणि सकाळी ते ओले असतात का? कपाटाची किल्ली कुणाकडे? रात्रीचं जेवण साडेसहाला आणि आठला दिवे बंद, हे वेळापत्रक रहिवाशाचं आहे की शिफ्टचं? एका रहिवाशाचा वैयक्तिक आराखडा मागा. 'स्वच्छतेच्या सवयी लावणे' हेच वाक्य तीन फायलींत सापडलं तर ती नक्कल आहे. 'खालची तीन बटणं स्वतः, मार्चअखेर, सकाळी अमुक काळजीवाहक' असं लिहिलेलं असेल तर तिथे खरंच कुणीतरी विचार करतंय.

अपघाताच्या वहीत वर्षभरात काहीच नसेल तर खूश होऊ नका. जिथे वीस माणसं राहतात, काहींना फिट येतात, तिथे कुणी पडत नाही, कुणी चावत नाही, असं होत नाही. तिथे लिहिलं जात नाही.

कुलपं नीट बघा. रात्री बाहेरच्या दाराची किल्ली जाग्या माणसाच्या कमरेला हवी, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. न्हाणीची कडी बाहेरूनही उघडता यायला हवी. कॅमेरे व्हरांड्यात ठीक, न्हाणीत आणि कपडे बदलायच्या खोलीत अजिबात नकोत. बहिणीसाठी किंवा मुलीसाठी संस्था बघणाऱ्यांनी पाळीच्या दिवसांत मदत कोण करतं आणि रात्री त्या मजल्यावर पुरुष असतो का, हे स्पष्ट विचारावं. 'पाळीची कटकटच नको' म्हणून गर्भाशय काढण्याचा सल्ला कुणी दिला तर तिथून निघा. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींवर पुण्यात अशा शस्त्रक्रिया झाल्या होत्या. आज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, संमतीशिवाय वंध्यत्व येईल असा कुठलाही उपचार करता येत नाही.

कागदपत्रं एका बैठकीत होतात. याच कायद्याखालची नोंदणी चालू तारखेची आहे ना, ते पाहा. मानसिक आजाराच्या रुग्णांची संस्था असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची नोंदणी बघतात. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, ताळेबंद, हेही मागा. करार लेखी हवा: अनामत कधी आणि किती परत, हॉस्पिटलचा खर्च कुणाचा, फिट वाढल्या तर 'घेऊन जा' म्हणणार का. 'आजीवन एकरकमी' योजनेत तुमचं बोलायचं बळच जातं, महिन्याचं शुल्क बरं. दरमहा सरकारी अनुदान मिळत असेल तर त्या खात्याचं एटीएम कार्ड संस्थेकडे ठेवू नका. भाऊ सज्ञान असल्यामुळे आईही आपोआप कायदेशीर पालक ठरत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज आताच, आई हिंडतीफिरती असताना करा. पालक म्हणून तुमचं नाव असावं, संस्थेचं नको. तक्रार करायची वेळ आली तर ती कुणीतरी बाहेरच्याने करावी लागते.

थेट प्रवेश घेऊ नका. आधी एक दिवस, मग शनिवार-रविवार, मग पंधरा दिवस. घरी आणलं की वजन करा, टाचा, माकडहाड, दंड आणि मांड्यांची आतली बाजू उजेडात बघा. तुम्ही केस विंचरायला हात उचललात आणि तो दचकून मागे सरला, किंवा बॅग भरताना दिसली की जेवण सोडतो, तर ते त्याचं उत्तर समजा. पहिल्या आठवड्यात तो रडेल, ते वेगळं. तिसऱ्या आठवड्यातही तसंच असेल तर थांबा. मारहाण किंवा छळाची शंका आली तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांतांकडे, कुणीही माहिती देऊ शकतं. अर्जाबरोबर जोडायला खुणांचे तारखेसह फोटो आणि औषधांच्या रजिस्टरची प्रत जवळ ठेवा.